पंचफुलाबाईचा उजवा डोळा

आमच्या ह्यांना सोनाजी म्हणून कोणी ओळखत न्हाई. कंडक्टर म्हणा, लगेच घर दाखवतील. एस.टी.त तेहतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी हिंगोली-सेनगाव-गोरेगाव ह्याच रस्त्यावर. रिटायर झाले तेव्हा मला वाटलं, चला, आता माणूस घरी बसून दोन घास निवांत खाईल. कुठलं काय! सहा महिन्यांत जनसेवा क्लबचे किशनराव घरी आले, चहा पिले आणि ह्यांना सचिव करून गेले. त्याला आता नऊ वर्षं झाली. अध्यक्ष दरसाली बदलतो, त्याला नवा हार, नवा फेटा. सचिव तोच. घाण्याचा बैल कोण बदलतो?

बॅनर बांधायचं कोणी, तर कंडक्टरनं. शाळेत वह्या वाटायच्या, रक्तदानाला पोरं गोळा करायची, झाडांसाठी खड्डे खणून घ्यायचे, सगळं ह्यांच्याच गळ्यात. फोटोत मात्र हे कुठंच न्हाईत, कारण फोटो काढायला मोबाइल ह्यांच्याच हातात दिलेला. मी म्हणायचे, लष्कराच्या भाकरी भाजायला तुमीच काहून? राजीनामा द्या. तर म्हणायचे, बघू, एवढं शिबिर होऊ दे.

शिबिर म्हणजे मोतीबिंदूचं, दरसाली जानेवारीत. खरं सांगायचं तर क्लबचं तेवढंच एक काम कामाचं. अन् तेही ह्यांच्या जिवावर. गोरेगावच्या पलीकडं कोणत्या वाडीवर कोणाची माय चाचपडत चालते, ते ह्यांना बराबर ठाऊक. त्यांना जीपनं हिंगोलीला आणायचं, तिथं तपासायचं, अन् पास झालेल्यांना त्याच दिवशी ऑपरेशनला पाठवायचं. निघताना हे दोनदा डोकी मोजणार. बेचाळीस माणसं म्हणणार न्हाईत, बेचाळीस सीट म्हणतील. मोडता मोडत न्हाई ती सवय.

यंदाच्या बेचाळिसात एक पंचफुलाबाई. धनगराची बाई, सत्तरीच्या पुढची. लेक मल्हारी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतो, तो पावसाळ्याच्या तोंडाशीच परत येतो. घरी ही एकटी अन् नऊ शेळ्या. डावा डोळा धुरकट, उजव्यात पांढरा ठिपका. शेळी कोणाच्या रानात शिरली ते दिसायचं न्हाई, अन् मग लोकांचे बोल खायचे. ऑपरेशन म्हटलं की बाईच्या अंगावर काटा यायचा. हे तीनदा तिच्या दारात जाऊन बसले, तेव्हा कुठं ती तयार झाली.

"मावशी, म्या नेतो अन् म्याच आणून सोडतो," ह्यांनी शब्द दिला. "उजव्या डोळ्यानं शेळ्या मोजताल तुमी."

शिबिराच्या दिवशी चहा-पाण्याला मीही होते. लोक पहाटे पाचला घरून निघालेले, पोटात अन्नाचा कण न्हाई. आधी रक्तातली साखर तपासायची, मग खायला द्यायचं, असं ठरलेलं. पण पाहुण्यांच्या हातानं उद्घाटन झाल्याशिवाय तपासणी सुरू कशी करायची? अन् पाहुण्यांचा दोन तास पत्ता न्हाई. त्याच दिवशी किशनरावांचा वाढदिवस, बुंदीच्या लाडवांच्या दोन पाट्या आलेल्या. ते म्हणाले, लोक उपाशी बसलेत, वाटून टाका. एका पाटीतून मी वाटले, दुसरीतून ह्यांनी. पंचफुलाबाईनं एक खाल्ला अन् हात पुसून गप बसली. ह्यांना कसंतरी झालं. खा मावशी म्हणत ह्यांनी तिच्या हातात दुसरा ठेवला. साखरेची तपासणी ह्यांच्या डोक्यातून साफ गेली होती. माझ्याही. खोटं काहून बोलू?

मग तपासणीत अकरा जण अडकले. हे अकराही जण पहिल्यापासून साखरेच्या आजारावर गोळ्या खाणारे. पंचफुलाबाईची दोनशे नव्वद निघाली. डॉक्टर तापले, ह्या लोकांना गोड कोणी चारलं म्हणून विचारू लागले. किशनरावांनी मोबाइलमध्ये मान घातली. हे पुढं झाले अन् म्हणाले, म्या वाटले.

दहा जणांची लेकरं जवळ होती, त्यांनी साखर उतरल्यावर नेऊन ऑपरेशन करून आणलं. पंचफुलाबाईला कोण नेणार? हे तिला म्हणाले, गोळ्या नीट घ्या, आठ दिवसांनी म्या सोता येतो.

आठ दिवसांनी शाळेत झेंडा अन् वह्यावाटप निघालं. मग स्वच्छता मोहीम. मग क्लबचे वरचे लोक तपासायला येणार म्हणून फाइल. किशनरावांचा फोन आला की ह्यांच्या पायात चपला. दर रविवारी म्हणायचे, उद्या नक्की जातो. मी दोनदा आठवण दिली, तिसऱ्यांदा मलाच कंटाळा आला. ह्यांचं अंगही थकलं होतं, जिना चढताना मधीच थांबायचे. पण क्लबला न्हाई म्हणायला जीभ वळत न्हाई ना ह्यांची!

मार्चअखेरीला तिच्या शेजाऱ्याचा फोन आला. डोळा लालभडक झालाय, डोकं फुटून राहिलं, उलट्या होऊन राहिल्या, आज सहावा दिवस. हे त्या घडीला निघाले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकून फुगला, दाब वाढून आतली नस गेली. ऑपरेशननं दुखणं थांबेल, नजर येणार न्हाई. डावा तरी लवकर दाखवा.

जीपनं एकटी का आली न्हाईस, असं मी तिला विचारलं.

"कंडक्टर भाऊ येतो म्हनले व्हते," ती म्हणाली.

ऑपरेशन करून घरी सोडल्यावर पाचव्या दिवशी आम्ही दोघं तिला बघायला गेलो. राजीनाम्याचा कागद ह्यांनी सकाळीच लिहून खिशात घातला होता. बाई दारात बसलेली, उजव्या डोळ्यावर पट्टी. आम्ही आलो म्हणून तिला केवढा आनंद! शिबिरातल्या लोकांना दुवा देत बसली, उपाशी माणसाला लाडू चारले म्हणाली.

"मावशी, तो दुसरा लाडू म्या दिला," हे म्हणाले. "अन् आठ दिवसांचे दोन म्हैने म्याच केले. तुमचा डोळा माझ्यापायी गेला."

अन् हे रडायला लागले. स्वतःची माय गेली तेव्हाही हा माणूस असा रडला न्हवता. मीच होते की आठवण द्यायला कंटाळलेली.

पंचफुलाबाईनं पदरानं डावा डोळा पुसला. आता शिव्या देईल, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"गेला तो गेला," ती म्हणाली. "डावा हाये अजून. त्याला कवा नेता?"

हे येत्या सोमवारी म्हणतात की काय, ह्या धास्तीनं मीच बोलले.

"उद्या. सकाळच्या पहिल्या जीपनं. मी बी येते संगं."

ह्यांनी खिशातून मोबाइल काढला अन् बंद केला. त्या दिवशी आम्ही हिंगोलीला परत गेलोच न्हाई, तिच्याच ओसरीवर मुक्काम केला. घरी गेलो असतो, तर सकाळी क्लबचं कोणीतरी येऊन बसलं असतं दारात.