जानकीचा नंबर

मॅडमनी जाळीच्या दाराआतलं लाकडी दार लावून घेतलं. कडी घातली. बाहेर पायरीवर माझी जानकी बसली होती, पाच वर्षांची. दार आपटलं असतं तर एवढं लागलं नसतं. हळूच लावलं.

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. ऊर्जानगर ही वीज केंद्राची कॉलनी, तिथल्या मॅडमच्या क्वार्टरमध्ये माझं पोळी-भाजीचं काम. नवरा कोळशाच्या ठेकेदाराकडे. आम्ही आरमोरीकडचे, पोटासाठी इकडे आलेलो. जानकी बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. मॅडमचा मुलगाही तसाच, तिच्याच वयाचा. त्याला बोलायला शिकवणारी ताई घरी येते. जानकीला सरकारी दवाखान्यातून तारीख मिळते. तपासणारा डॉक्टर नागपूरहून यायचा असतो, तो येत नाही. खिडकीवरचा माणूस म्हणतो, "बाई, पुढच्या महिन्यात या." असे किती पुढचे महिने गेले. एकदा तर म्हणाला, "काही पोट्टे उशिरा बोलतात. काऊन एवढी घाई करून राह्यल्या?"

घाई म्हणे!

त्या दिवशी ताई साबणाचे फुगे उडवत होती. मुलाने "फू" म्हटलं की पुढचा फुगा. तो म्हणेना. एक फुगा तरंगत जाळीपर्यंत आला नि फुटला. बाहेरून आवाज आला, "फू."

माझं लाटणं थांबलं. ती जानकी होती. माझी जानकी. जन्मात पहिल्यांदा. ताई दाराकडे वळून हसली, तिच्यासाठी एक फुगा उडवलाही. तेवढ्यात मॅडम उठल्या. दार लावून स्वयंपाकघरात आल्या.

"उद्यापासून तिला आणू नकोस. आमच्या बाळाचं लक्ष उडतं."

"मॅडम, ते बोलली. आयकलं ना तुम्ही?"

"दवाखान्यात येईल ना तिचा नंबर. या ताईसाठी आम्हीसुद्धा दोन महिने थांबलोच की."

त्यांचे डोळे भरले होते. त्यांचा मुलगा बोलला नव्हता, माझी बोलली होती. ते मला कळत होतं. आईचं दुःख मला कोणी शिकवायला नको. पण म्हणून माझ्या लेकरावर कडी?

मी हात धुतले.

"माही पोरगी बाहेर, तं मीबी बाहेर. पोळ्या तुमच्या तुम्ही लाटा."

जानकी बंद दाराकडे तोंड करून बसली होती, ओठांचा चंबू करून. उठायला तयार नव्हती. उचलून आणली.

घरी धुण्याचा साबण पाण्यात कालवला. फुंकून फुंकून माझं तोंड कडू झालं. फुगे झाले. ती बघत राहिली. बोलली नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही. काळीज तुटतं, दुसरं काय सांगू.

नवरा म्हणाला, "काम सोडलं. आता काय करशीन?"

वस्तीत अशी आणखी लेकरं आहेत. त्यांच्या आया लाजेपायी बोलत नव्हत्या, लेकरं घरात झाकून ठेवत होत्या. मी एकेकीच्या घरी गेले. दोघी तयार झाल्या आहेत. आम्ही मिळून दवाखान्यात जाणार. तो माणूस पुढचा महिना सांगेल. आम्ही खिडकी सोडणार नाही. डॉक्टर काऊन येत नाही ते मोठ्या साहेबाला विचारू, तो नसेल तर त्याच्या वरच्याला. हाकललं तर दारातच बसू, लेकरं मांडीवर घेऊन. ती ओरडतील, पळतील, लोक बघतील. बघू देत. डॉक्टर समोर येईपर्यंत मी तिथून उठणार नाही.