समोरच्या काकांचा रिमोट

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बाबांनी एक जुनी गाडी घेतली आणि दुर्गच्या दुकानातून तिला रिमोटचं लॉक बसवून आणलं. समोरच्या क्वार्टरमधले काका बाबांबरोबर स्टील प्लांटमध्येच कामाला होते. त्यांनीही तिथूनच बसवलं. त्या गाढव मिस्त्रीने दोघांनाही एकच कोड देऊन टाकला! बंद-उघड करायला बटण एकच, त्यामुळे बाबांनी ते दाबलं की आमची गाडी बंद व्हायची आणि काकांची उघडायची. दोन्ही गाड्या एकदम कुईं करायच्या. मग बाबा फाटकातूनच ओरडायचे, "भाऊ, तुमची उघडली!"

"चोराला आवतण देऊन राहिले तुम्ही," मी चिडायचो. "जा ना दुर्गला, बदलून आणा." दोघं हसायचे. गेलं कोणीच नाही.

संध्याकाळी तो आवाज आला की आई चहाचं आधण ठेवायची.

बाबा वारले आणि गाडी अंगणात नुसती उभी राहिली. काका ड्यूटीवरून येऊन आपली गाडी बंद करायचे, तेव्हा आमचीही कुईं करायची. एकदा ते गाडी लावून सरळ आमच्याकडे आले, तर आईने आधण ठेवलेलं होतं, दोन कपांचं. काका कानकोंडे झाले.

"वहिनी, उद्याच दुर्गले जातो अन् माझा बदलून आणतो."

"कावून?" आई म्हणाली. "राहू द्या, भाऊजी. घडीभर वाटते, हे आले."

मी ती गाडी विकायला काढली होती. त्या दिवशी तो विचार सोडला, आणि दर रविवारी सकाळी मी ती थोडा वेळ चालू करून ठेवू लागलो, बॅटरी उतरू नये म्हणून.