रीटा माझ्या ताब्यात होती

छप्पन सालच्या दिवाळीआधी आमच्या कंपनीला पूर्वेच्या डोंगरांत जायचा हुकूम आला. मी तेव्हा नाईक होतो. त्याच आठवड्यात पीटीच्या मैदानावर माझा उजवा गुडघा निखळला आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांची सिक लीव्ह लिहिली. माझं सेक्शन डोंगरात आणि मी घरी, सणसरला. लोक म्हणायचे, सुटलास. सुटलो कसला? ती बोच अजून गेली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता कंपनी कमांडर कॅप्टन बिंद्रांनी मला बोलावलं. वय सत्तावीस, लग्न झालेलं नाही. पायाशी त्यांची रीटा बसलेली. अल्सेशियन कुत्री, अजून वर्षाचीही नव्हती.

"रामचंद्र, इसको अपने घर ले जाओ."

"जी साब."

"अभी बच्ची है. दो साल की होने तक किसी कुत्ते के पास नहीं जानी चाहिए."

"जी साब."

"कुछ गडबड हो तो फौरन रिपोर्ट. बुरी खबर सबसे पहले."

हे ते सगळ्यांनाच सांगायचे. चांगली बातमी थांबू शकते, वाईट थांबत नाही. मग त्यांनी रीटाचा कागद दिला. त्यावर तिच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव टाइप केलेलं. माझ्या पणज्याचं नाव मला आजही सांगता येणार नाही.

ट्रकमध्ये माझ्या सेक्शनचे दोघं मागच्या फळीला टेकून बसले होते. सोपान सांगवीचा, किसन पळसदेवचा, म्हणजे दोघंही आमच्याच मुलखातले. सोपान म्हणाला, "नाईक, आमी मोर्चावर आन् तुमी कुत्री हिंडवा." किसन म्हणाला, "नीट संभाळा. न्हायतर साहेब तुमालाच साखळीला बांधंल." सगळे हसले. मीही हसलो.

दौंडला गाडी बदलली, छोट्या रेल्वेनं बारामती, तिथून बैलगाडीनं सणसर. रीटाला बघायला निम्मं गाव लोटलं. मी पलटणीचं टाइमटेबल लावलं. सहा वाजता कालव्याकडेनं फेरी. आठला दूधभाकरी आणि एक अंडं. संध्याकाळी ब्रश. माझी बायको इंदू दारातून बघत राहायची. एकदा म्हणालीच, "माझं डोकं कवा इंचरलं न्हाई ते तुमी."

पंधरा दिवसांनी ओसरीवर रक्ताचे थेंब दिसले. इंदू म्हणाली, "पोरगी वयात आली. आता झोपा तुमी."

पाचावर धारण बसली माझी. मळ्यात विहिरीवर ऑइल इंजिनाची खोली होती. रीटाला तिथं ठेवलं, पत्र्याच्या दाराला कुलूप घातलं आणि बाहेर बाज टाकून मी पहारा धरला. गावातली झाडून सगळी कुत्री बांधावर येऊन बसली. मी डोळ्यांत तेल घालून दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी रक्त फिकट झालं, मग दिसेना. मी समजलो, संपलं. पहारा उठवला. रीटा दहा दिवस कोंडलेली, केविलवाणी झाली होती. तिला लांब साखळीवर बाहेर बांधली आणि जेवायला घरी गेलो.

खरा धोका त्याच दिवसांत असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि दुसरी चूक त्याहून मोठी. मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडीखत मिळतं. मीच महिन्यापूर्वी बिरू आबा धनगराला सांगून ठेवलं होतं. ते नेमके त्याच दुपारी आले. मेंढरं आली म्हणजे कुत्रीही येणार, एवढं शेतकऱ्याच्या पोराला कळायला नको?

तीनच्या सुमारास आरडाओरडा ऐकून मी लंगडत मळ्यात गेलो. रीटा आणि आबाचा मोत्या एकमेकांना अडकून उभे होते. माझा थोरला भाऊ काठी घेऊन धावत होता. आबा मध्ये आडवे आले.

"काठी टाक. वढाया गेलास तर पोर आतनं फाटंल. सुटंल आपसूक."

मी रीटाचा पट्टा धरून मातीत बसलो. घड्याळात बघितलं. बावीस मिनिटं लागली. ती माझ्याकडे बघत थरथरत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता रिपोर्ट. कागद काढला, पेन्सिल काढली. लिहिणार काय? साहेब तिथं गोळ्यांत, आणि मला दिलेली एकच ड्यूटी मी भाकरी खायच्या नादात घालवली. आज लिहू, उद्या लिहू करत चार दिवस गेले. गावात वेगळंच चाललं होतं. कुत्री बाटली, आता जन्मभर हिला गावठीच पिल्लं व्हायची, साहेबाचा वंश बुडाला. मला ते खरंच वाटायला लागलं.

पाचव्या दिवशी तिला बैलगाडीत घालून बारामतीला गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाटली वगैरे काही नसतं. पुढच्या वेळी बाप जातिवंत मिळाला की पिल्लंही जातिवंत होतील. भीती वेगळी आहे. हिचं वय लहान. बाळंतपण जड जाईल."

"काही इलाज?"

"एक इंजेक्शन आहे, पुण्याहून मागवावं लागेल. पण ते लगेच द्यायचं असतं, आणि त्यानं गर्भाशय सडू शकतं. मालकाला विचारा. पहिल्या दिवशी का नाही आलात?"

तिथूनच पोस्टात जाऊन तार केली. उत्तर यायला सहा दिवस लागले. पोस्टमननं वाचून दाखवलं: "रिपोर्ट लेट. नो इंजेक्शन. सेव्ह हर. बिंद्रा."

पहिले दोन शब्द मी आयुष्यात विसरलो नाही. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

डॉक्टरांनी त्रेसष्ट दिवस मोजायला सांगितले होते. मी इंजिनखोलीच्या भिंतीवर रोज कोळशानं एक रेघ ओढायचो. तिचं पोट वाढत होतं आणि माझी झोप उडत होती. मेली तर साहेबाला तोंड काय दाखवू? इंदू सांगायची, "बाया बाळंत होत्यात, कुत्र्या होत्यात. तुमच्यापायी ती घाबरंल." पण माझी भाकरी निम्मी झाली होती हे तिनं बघितलं होतं.

एकसष्टाव्या दिवशी सकाळी सातला रीटा धापा टाकू लागली. आठपासून कळा देत होती. दहा वाजले, काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, दोन तास गेले तर वाट बघू नका. भावाला सायकलवर बारामतीला पिटाळलं. जायला-यायला वीस मैल. सव्वादहाला रीटानं थकून मान टाकली. मी तिच्याशेजारी नुसता बसलो होतो.

इंदू तेलाची वाटी घेऊन आत आली.

"सरा बाजूला. तुमच्या पलटणीत बाळंतपण शिकवलं व्हय? डोकं धरा तिचं."

तिनं कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं. रीटा कळ देईल तेव्हाच ती अडकलेलं पिल्लू हळू ओढायची, कळ थांबली की थांबायची. तोंडानं सारखं, "झालं बाई, झालं." दहा पन्नासला पहिलं पिल्लू आलं. मोठं होतं, मेलेलं होतं. त्यानंतर पाऊण तासात तीन आली, तिन्ही जिवंत. एक काळं, एक पांढऱ्या पायांचं, एक आईच्या रंगाचं. डॉक्टर पोचले तेव्हा रीटा पिल्लं चाटत होती. ते इंदूला म्हणाले, "बाई, माझं कामच ठेवलं नाहीत." मी इंजिनाआड जाऊन रडलो. सांगायला लाज कसली?

त्याच दिवशी दुपारी तार केली: "रीटा सेफ. थ्री पपीज. रामचंद्र."

उत्तर आलं नाही. अठरा दिवसांनी साहेबांच्या ऑर्डर्लीचं पत्र आलं. त्यानं सरळ लिहिलं होतं. तार तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डोंगरातल्या चौकीवर पोचली. साहेबांनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि म्हणाले, "इस बार रिपोर्ट टाइम पर आया." मग पिल्लांची वाटणी झाली. सोपान म्हणाला, काळंभोर असंल तर माझं, आईला राखणीला हुईल. किसन म्हणाला, कसलंबी चालंल, एक मला. साहेब म्हणाले, तिसरा मेरा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिघं पेट्रोलवर, म्हणजे गस्तीला, निघाले. नाल्यात अॅम्बुश लागला, दबा धरून गोळीबार झाला. तिघंही परत आले नाहीत.

साहेबांचे वडील बारामतीला आले. रीटा, तिचा कागद आणि तिच्या रंगाचं पिल्लू मी त्यांच्या हवाली केलं. सगळी हकीकत सांगितली, माझी चूकसुद्धा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पिल्लू कोटाच्या आत घेतलं. पांढऱ्या पायांचं पळसदेवला किसनच्या घरी पोचवलं. ते घर आता उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे.

सांगवीला सगळ्यात शेवटी गेलो. सोपानची आई अंगणात शेंगा फोडत होती. सोपान गेल्याची तार तिच्याकडे कधीच पोचली होती, त्यामुळे मी फक्त पिल्लू पुढे केलं.

"मावशी, सोपाननं हे तुमच्यासाठी मागून घेतलंय."

"कवा?"

"आदल्या दिवशी. सांजच्याला."

तिनं पिल्लू दोन्ही हातांनी उचललं, पोटाखालून, पाठीवरून चाचपलं.

"आईपासनं तुटलंय नव्हं हे?" तिनं विचारलं.

"व्हय मावशी. आता भाकरी खातंय."

"मंग ऱ्हाईल," ती म्हणाली, आणि त्याला पदरात घेऊन घरात गेली.