एक ऊन कमी

निर्मळ गावात आमच्या शेजारच्या वाडीत एक काका राजेळी केळी सोलून उन्हात वाळवत आणि त्यांची सुकेळी करून विकत. ते दिवस तारखेने मोजत नसत, उन्हांनी मोजत. "माल सात उन्हांचा!" पहिल्या वर्षी घाई केली आणि सगळा माल बुरसला, हे स्वतःच हसत सांगत. तेव्हापासून ते रोज प्रत्येक केळं दोन बोटांत दाबून पाहत, मान हलवत आणि उलटून ठेवत.

एकदा मुंबईचा व्यापारी दारात आला. "आत्ता द्या, नाहीतर दुसरीकडून घेतो."

काकांनी एक केळं दाबलं. "एक ऊन कमी आहे. उद्या या."

तो फणकाऱ्याने निघून गेला. काका पुन्हा केळी उलटायला बसले. मीच कुंपणाशी जाऊन रस्त्याकडे पाहत राहिलो. व्यापारी चौथ्या दिवशी परत आला, तोवर माल संपला होता.

मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हा घरात कोणी माझ्याशी बोलेना. मी कुंपणाशी तोंड पाडून उभा होतो. काका आले, त्यांनी माझा दंड दोन बोटांत दाबला आणि मान हलवली.

"एक ऊन कमी आहे रे."

मग खांद्याला धरून त्यांनी मला घराकडे वळवलं, केळं उलटावं तसं.