न कुजणारी होडी

माझ्या बहिणीने, सुमनने, खाडीकाठी नवी होडी बांधली. मधे बुचाचा जाड थर, दोन्ही अंगांना झाडांच्या तेलापासून केलेल्या, मातीत विरणाऱ्या रेझिनमध्ये भिजवलेलं तागाचं कापड. येणारा जाणारा तिच्यावर टकटक करून एकच विचारायचा, "कुजणार नाही ना?"

काल शेजारच्या दामूकाकांनीही तेच विचारलं आणि सुमन भडकली. त्यांचा हात धरून तिने त्यांना पुळणीवर नेलं. तिथे त्यांचीच फुटकी फायबरची होडी कित्येक वर्षं पडून आहे. धड जाळता येत नाही, पुरता येत नाही.

"ही नाही कुजली, काका. आता हिचं काय करू या?"

काका पुटपुटले, "बाबांची लाकडाची होती. मोडली, तेव्हा पावसाळाभर चुलीला पुरली."

म्हणजे संपणारी होडीच बरी, हे ठाऊक होतं यांना! आपण केलेलं आपल्यामागेही उरावंच, हा माणसाचा कसला मेला हट्ट?