गिरजाचा क्ष

मुरबाडच्या शाळेत सातवीच्या वर्गात मुलगी म्हणून एकटी गिरजा होती. जयराम गुरुजी फळ्याला पाठ लावून विचारत, "एकानं म्हसा गावच्या जत्रेतून काही बैल आणले. निम्मे भावाला दिले, दोन विकले, तीन उरले. आणले किती?" पोरं बोटं मोजू लागत. गिरजा पाटीवर आधी 'क्ष' लिहून मोकळी होई. जे ठाऊक नाही त्याला नाव द्यायचं, बरोबरीच्या चिन्हाच्या एका अंगाला बसवायचं, की ते आपणहून बोलू लागतं, याचं तिला भारी नवल वाटे. गुरुजी तिच्या बापाला म्हणाले, "राघो, पोरीला मास्तरीण कर." राघोनं मान डोलावली आणि त्याच वैशाखात तिला शहापूरकडे, शेणवे गावच्या कुंडलिकाला देऊन टाकली.

घर वाईट नव्हतं. नवरा शांत, धाकटा दीर नथू कामसू, सासू धोंडूबाई तोंडाळ पण मायेची. गिरजाला एक मुलगा झाला, पुढं कितीतरी वर्षांनी बाळी झाली. चुलीपुढं क्ष कुणाला हवा होता?

त्रेचाळीस साली कापणीच्या तोंडावर पाऊस आला नि भात आडवं झालं. जे हाती आलं त्यातून सरकारला लेव्हीचं घातलं. शिमगा सरला तेव्हा गिरजानं कणग्यात वाकून उरलेलं भात मोजलं. बाजारात तांदूळ मिळत नव्हता. दुपारी बाळीला पदराखाली घेऊन ती ओटीवर बसली नि कोळशानं जमिनीवर लिहू लागली.

"काय लिवतेस गो?" कुंडलिकानं विचारलं.

"हळवं भात येईल दसऱ्याला. तवर पुरवायचं तर दिसाला साडेतीन शेर तांदूळ काढता येईल. तुमी नि नथूभावजी नांगर धरणार, तुमाला शेर शेर. सासूबायला पाऊण. पोराला अर्धा. आनि हा क्ष."

"ह्यो कोन?"

"मी."

उत्तर पाव शेर आलं. इतक्या वर्षांनी गणित बरोबर सुटलं म्हणून क्षणभर तिला बरंच वाटलं.

"आमचाबी थोडा कमी कर," कुंडलिक म्हणाला.

"नांगरामागं भोवळ येऊन पडाल तर वरीसभर खायचं काय?"

तिनं ऐकलं नाही. रोज पाव शेर स्वतःला मोजून घेतला, वर रानातली भाजी, कधी नुसती पेज. ज्येष्ठात बाळी रडू लागली. दात येत असतील, असं धोंडूबाई म्हणाली. गिरजालाही तसंच वाटलं. मग पोर छातीला लागून ओढी, सोडी, पुन्हा ओढी, आणि एके सकाळी गिरजाच्या ध्यानात आलं की दूध उतरतच नाही. गोठ्यातली गाय आटलेली. शेजारच्या सकुबाईनं शेळीचं दूध दिलं, ते पोरीला पचलं नाही. आषाढात बाळी गेली.

"देवाची मर्जी," कुंडलिक म्हणाला. "तुजा काय दोस?"

"ती भात खात नव्हती," गिरजा म्हणाली. "म्हनून मी तिला हिशोबात धरलीच नाय. पर ती माज्यातनंच खात होती."

त्याला ते कळलं नाही. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिला नको झाला.

लावणी आटोपल्यावर नथू कल्याणला लष्कराच्या कामावर गेला. त्याचा रोजचा शेर घरात उरू लागला. कुंडलिक तिच्या ताटात भात वाढी, ती खाई. आता खाण्यानं काही होणार नव्हतं. दसऱ्याला नवं भात आलं तेव्हा कणग्याच्या तळाशी जुनं अजून शिल्लक होतं.

आळीत बहुतेकांनी भाद्रपदात कंदमुळं उकडून दिवस काढले होते. धोंडूबाई दाराशी बसून सकुबाईला कौतुकानं सांगत होती, "आमचं नाय हो सरलं. सूनबाय शिकलेली. तिनं मांडलं तसंच झालं बग."

गिरजा आत नवं भात उखळात घालीत होती. तिनं मुसळ उचललं आणि बाहेरचं काही ऐकू येऊ नये इतक्या जोरानं कांडू लागली.