मामेसासऱ्यांची चिंधी बांधलेली दोरी

एक गोष्ट मी वीस वर्षे मनात दडवून ठेवली. आमच्या मामेसासऱ्यांना गावाने वेडे ठरवले ते माझ्यामुळे. एरवी पातूरपासून अकोल्यापर्यंत त्यांच्याइतका शहाणा मनुष्य मी पाहिलेला नाही.

ते शहाणपण सोसायला मात्र अवघड होते. मामाजी क्षणभर एका जागी ठरत नसत. पंगतीत वाढप चालू असता ते उठून पाने मोजत आणि आपल्या गावाची जमीन किती तोंडांना पुरेल, हे शेजाऱ्याला ऐकवत. बारशाला लोक अंगडे-टोपडे नेत. मामाजी पायलीभर ज्वारी नेत आणि बाळाच्या बापाला विचारत, की पुढल्या वर्षाची कोणत्या वावरात पेरणार. दूरदेशी लढाई जुंपून कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा कामासाठी परगावची माणसे येऊ लागली. प्रत्येकाला मामाजी आधी विहिरीवर नेत, आत डोकावायला लावत आणि घरी खाणारे किती ते विचारत. एका गाडीवानाने सात सांगितले, तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले, "पाणी हाये तेवढंच हाये, बापू. पेणारे वाढून राहिले." आणि त्या सातांना त्यांनी आपल्याच गोठ्यात जागा दिली. स्वतःची लेकरे नऊ. पाटील त्यावरून टोमणा मारत, तेव्हा येरझारा न थांबवता मामाजी सांगत, "नऊ हायेत म्हणून तं भाकर मोजता येते मले."

त्यांची एक दोरी होती. दर अक्षय्य तृतीयेला ती दगड बांधून गावविहिरीच्या तळापर्यंत सोडायची, वर ओढायची आणि जिथवर भिजली तिथे जुनी सोडून नवी चिंधी बांधायची. त्या वर्षी गायरान मोडून कपाशी पेरायचा बेत होता; एक तुकडा मला मिळायचा होता. मामाजी म्हणत, नुसत्या डोळ्यांनी दिसते की विहीर दोन हात उतरली आहे, गायरान मोडले की आणखी मजूर येतील, आणि गुरांना चारा नाही नि माणसांना पाणी नाही अशी गत होईल. महिनाभर वाद झाल्यावर पाटलांनी निकाल दिला, की दोरी सांगेल ते मान्य. आदल्या दिवशी दुपारी मी मामाजींकडे गेलो. मला गूळपाणी आणायला ते स्वतः आत गेले, तेवढ्यात मी खुंटीवरच्या दोरीची गेल्या वर्षीची चिंधी सोडून दोन हात खाली, दगडाच्या टोकाकडे बांधली.

दुसऱ्या दिवशी सारे गाव विहिरीवर जमले. दोरी वर आली ती बरोबर चिंधीपर्यंत ओली, म्हणजे पाणी गेल्या वर्षीइतकेच. लोक पोट धरून हसले आणि मामाजी वेडे ठरले. मामाजींनी ती दोनदा चाचपली आणि म्हणाले, "माह्याच डोयाचं चुकलं असंन."

गायरान नांगरले गेले. पुढल्या उन्हाळ्यात विहिरीत गाळ उरला, बायका कोसभर पाण्याला जाऊ लागल्या, चाऱ्यावाचून गुरे विकली गेली. तरीही मामाजींनी दोरी पुन्हा हाती घेतली नाही. आपल्या डोळ्यांवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. बारशाला तेही अंगडे नेऊ लागले; पंगतीत खालमानेने, अगदी स्वस्थ जेवत. ते स्वस्थ बसणे मला पाहवत नसे; मी पान उरकून उठत असे.

परवा ते अंथरुणाला खिळल्याचे कळले, म्हणून गेलो. आता त्यांना ऐकूही फार कमी येते. माझा आवाज मुळातच हलका. दोनदा सांगूनही त्यांना कळेना. "जोरानं बोला ना, जवाईबापू," ते म्हणाले. ओसरीवर लेक, सुना, नातवंडे दाटीने बसली होती. मी उभा राहिलो आणि गल्लीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मामाजी, चिंधी म्या सरकवली होती. इहीर उतरलीच होती. तुमचं मोजणं खरं होतं. मले माफ करा."